कानशिलावर उडणारी गाठ

प्रश्न : माझा मुलगा १९ वर्षांचा आहे. साडेतीन आठवड्यांपूर्वी खेळताना त्याच्या डाव्या कानशिलावर चेंडू जोरात बसला. चक्कर नाही, उलटी नाही, कातडी फाटली नाही. फक्त मोठं टेंगूळ आलं. त्याच दिवशी डोक्याचा सीटी स्कॅन केला, तो नॉर्मल होता. आठवड्याभरात सूज उतरली. पण गेल्या आठ-दहा दिवसांत त्याच जागी गोटीएवढी गाठ आली आहे आणि ती वाढते आहे. हात लावला की नाडीसारखी उडते. त्या कुशीवर झोपलं की कानात धडधड ऐकू येते म्हणतो. एका डॉक्टरांनी रक्त साकळलंय, शेकत राहा असं सांगितलं. दुसऱ्यांनी आत पू झाला असेल, सोमवारी सुई घालून काढून पाहू, असं म्हटलं. परवा तोंड धुताना त्याचा घोळणाही फुटला, पाच मिनिटांत थांबला. ही गाठ मेंदूकडे जाईल का? फुटेल का? ऑपरेशनच करावं लागेल का? आणि सोमवारी सुई घालू द्यायची का? – एक काळजीत पडलेली आई

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण सोमवार तोंडावर आला आहे. सुई घालू देऊ नका. कलर डॉपलर सोनोग्राफी होईपर्यंत त्या गाठीला सुई नको, चीर नको, शेक नको आणि तेल लावून चोळणं तर अजिबात नको. पत्रावरून निदान करू नये हे मला कळतं. पण मार बसल्यावर सूज उतरते, मध्ये काही दिवस सगळं ठीक असतं आणि मग त्याच जागी उडणारी गाठ वर येते, हा क्रम तुम्ही जसा लिहिलाय तसाच्या तसा मी अनेक रुग्णांच्या तोंडून ऐकला आहे. अशी गाठ धमनीची आहे असंच आम्ही धरून चालतो. ती धमनीची नाही हे तपासणीने दाखवावं लागतं.

काय झालं असावं ते सांगते. स्वतःच्या कानाच्या भोकापुढे कुर्चेचा जो छोटा उंचवटा असतो, त्याच्या किंचित पुढे आणि वर बोट टेकवा. जबडा सैल सोडा. एक नाडी लागेल. गळ्यातून वर येणाऱ्या मोठ्या धमनीचे दोन फाटे होतात, एक कवटीच्या आत मेंदूकडे जातो आणि दुसरा बाहेरच राहून चेहरा, जबडा आणि टाळूची कातडी यांना रक्त देतो. तुमच्या बोटाखालची नाडी या बाहेरच्या फाट्याची शेवटची शाखा आहे. ती गालाच्या हाडावरून वर चढते आणि थोडं पुढे गेल्यावर तिचे दोन भाग होतात. त्यातला एक कपाळाकडे वळतो. तो वळतो तिथे कानशिलाचा जाड स्नायू संपतो. खाली हाडाची कड आणि वर पातळ कातडी, मध्ये धमनी. काही मुलांच्या कपाळावर ती वळणं घेत जाताना नुसत्या डोळ्यांनीही दिसते. चेंडू नेमका तिथे बसला की हाड आणि चेंडू यांच्यामध्ये धमनी चेचली जाते. कातडीला ओरखडाही येत नाही, पण आतली भिंत चिरते.

धमनीच्या भिंतीला तीन थर असतात. पूर्ण तुटलेली लहान धमनी बहुतेक वेळा आकसून आपली आपण बंद होते. अर्धवट चिरलेल्या धमनीला मात्र आकसता येत नाही, तिचं तोंड उघडंच राहतं. तिथून रक्त बाहेर पडतं आणि आसपासच्या मांसात साठतं. तेच तुमचं पहिल्या दिवशीचं टेंगूळ. साठलेल्या रक्ताची गुठळी काही दिवस बुचासारखी बसते आणि सूज उतरल्यासारखी वाटते. पुढे गुठळी मधून विरघळायला लागते, धमनीतलं रक्त दर ठोक्याला त्या पोकळीत घुसतं आणि परत बाहेर येतं. पोकळीभोवती शरीर एक पातळ तंतूंचं आवरण तयार करतं. धमनीची खरी भिंत तिथे नसते, म्हणून या प्रकाराला स्यूडोअ‍ॅन्युरिझम, म्हणजे खोटा फुगा म्हणतात. हे सगळं व्हायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात. तुमचे साडेतीन आठवडे त्यात चपखल बसतात.

सीटी स्कॅन नॉर्मल आला होता हे मनात डाचत असेल. त्यात कुणाची चूक नाही. मार लागल्या दिवशीचा साधा सीटी हाड मोडलंय का आणि मेंदूत रक्तस्राव झालाय का हे पाहायला करतात. त्यात शिरेतून औषध सोडलेलं नसतं, त्यामुळे एवढी बारीक धमनी उठून दिसत नाही. शिवाय त्या दिवशी ही गाठ तयारच झालेली नव्हती.

सुईबद्दल मी एवढी ठाम का आहे, त्याला कारण आहे. मी शिकत होते तेव्हाची गोष्ट. एक मध्यमवयीन गृहस्थ गाल सुजला म्हणून आले. तीन आठवड्यांपूर्वी ते पडले होते आणि कानाजवळ जबड्याचं हाड मोडलं होतं. गाल गरम लागत होता, वरची कातडी लालसर, तोंड जेमतेम दोन बोटं उघडत होतं. मला गळूच वाटलं. मी जाड सुई घातली. सिरिंजचा दट्ट्या मी मागे ओढलाच नाही, तो आपोआप, ठोक्याठोक्याला, मागे सरकू लागला. आत लालभडक रक्त. सुई काढून मी दोन्ही हातांनी गाल दाबून धरला आणि वरिष्ठांना हाक मारली. पाऊण तास कुणी ना कुणी दाब धरून होतं. नंतर अँजिओग्राफीत दिसलं की जबड्यामागच्या खोल धमनीला फुगा आला होता. तो जांघेतून नळी घालून बंद केला आणि ते गृहस्थ बरे होऊन घरी गेले. पण सुई घालण्याआधी मी त्या सुजेवर शांतपणे बोटं ठेवली नव्हती, स्टेथोस्कोप लावला नव्हता. दोन मिनिटांचं काम होतं. सुईऐवजी मी तिथे चीर दिली असती तर काय झालं असतं, हे आजही माझ्या मनात येतं.

म्हणून बोटं कशी ठेवायची ते नीट सांगते. गाठीच्या दोन बाजूंना दोन तर्जन्या हलक्या टेकवायच्या, दाबायचं नाही. दर ठोक्याला बोटं एकमेकांपासून दूर सरकत असतील तर गाठ स्वतः फुगते आहे. दोन्ही बोटं एकाच दिशेला वर उचलली जात असतील तर गाठ कदाचित दुसरीच असेल आणि खालून जाणारी धमनी तिला हलवत असेल, जशी धमनीवर बसलेली चरबीची गाठ हलते. मग डॉक्टर कानापुढची ती नाडी बोटाने दाबून धरतात. गाठीचं उडणं थांबलं, ती थोडी मऊ पडली आणि बोट काढताच पुन्हा भरली, तर निदान जवळजवळ हातात आलं. ही दुसरी तपासणी घरी करू नका. आतली गुठळी हलवण्यात फायदा नाही.

यात एक फसवी जागा आहे. फुग्यात गुठळी बरीच भरलेली असेल तर तो उडतच नाही, घट्ट लागतो आणि साध्या गाठीसारखा वाटतो. तेव्हा उडत नाही म्हणजे धमनीचा नाही, असा उलटा अर्थ काढता येत नाही. मार लागल्यानंतर आलेली कुठलीही नवी गाठ आधी सोनोग्राफीच्या टेबलावर गेली पाहिजे. आणखी एक. हात ठेवल्यावर मांजराच्या घुरघुरीसारखी सलग थरथर लागत असेल, आजूबाजूच्या निळ्या शिरा टरारलेल्या असतील, तर धमनी आणि तिच्या शेजारची शीर दोन्ही फाटून एकमेकींना जोडल्या गेल्या असण्याची शक्यता असते. त्याला फिस्टुला म्हणतात. मुलाला धडधड ऐकू येते असं तुम्ही लिहिलंय म्हणून विचारते, ती ठोक्याठोक्याला येते की सलग घोंगावते? उत्तर डॉक्टरांना जरूर सांगा. दोन्हींचे उपचार थोडे वेगळे आहेत.

आता डॉपलर. ही सोनोग्राफीच आहे. सुई नाही, किरणोत्सर्ग नाही, अर्ध्या तासाच्या आत होते. ज्या तत्त्वावर ती चालते ते क्रिस्टियन डॉपलर यांनी १८४२ मध्ये मांडलं. हलत्या वस्तूवरून परत येणाऱ्या लहरींची वारंवारता बदलते, आणि त्या बदलावरून रक्त कुठल्या दिशेला किती वेगाने धावतंय ते कळतं. यंत्राकडे येणारं रक्त एका रंगात दिसतं आणि दूर जाणारं दुसऱ्या रंगात, बहुधा लाल आणि निळ्या. खोट्या फुग्यात रक्त एका बाजूने शिरून भोवऱ्यासारखं फिरतं, म्हणून पडद्यावर अर्धी पोकळी लाल आणि अर्धी निळी दिसते. फुग्याच्या मानेपाशी, म्हणजे तो धमनीला जोडलेला असतो त्या तोंडाशी, आत-बाहेर असा दुहेरी प्रवाह मिळतो. हे चित्र एकदा पाहिलं की विसरायला होत नाही. तपासणाऱ्या डॉक्टरांना तीन गोष्टी अहवालात लिहायला सांगा. फुगा केवढा आहे, त्याची मान किती रुंद आहे आणि धमनी त्याच्या पुढे कुठल्या दिशेने जाते.

कानशिलावरच्या, कातडीखालच्या गाठीला बहुतेकदा डॉपलर पुरतो. तुमच्या मुलाच्या बाबतीत मात्र मी त्याच्या जोडीला डोकं आणि मान यांची सीटी अँजिओग्राफी करून घ्या म्हणेन. त्याचं कारण तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलेला तो घोळणा.

तो घोळणा नव्व्याण्णव टक्के साधाच असेल. नाकाच्या पडद्याच्या पुढच्या भागात बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं, ते कोरडं पडलं की फुटतं आणि पाच मिनिटांत थांबतं. चेंडू कानशिलावर बसला, नाकावर नाही, हेही खरं. पण चेहऱ्याला किंवा डोक्याला जोराचा मार बसल्यानंतर दिवसांनी, आठवड्यांनी नाकातून येणारं रक्त मी कधी सोडून देत नाही. नाकाच्या मागच्या भागाला रक्त देणारी धमनी जबड्यामागून येते. तिला फुगा आला तर तो बाहेरून दिसत नाही, हाताला लागत नाही, नाकातून अचानक भळभळा रक्त येणं हीच त्याची पहिली खूण असते. त्याहून गंभीर म्हणजे मेंदूकडे जाणारी आतली धमनी. कवटीच्या तळाशी नाकामागच्या हाडाच्या पोकळीला ती अगदी खेटून जाते. तिथलं हाड मोडून तिला फुगा आला तर डोक्याला मार, एका डोळ्याची नजर जाणं आणि काही दिवसांनी नाकातून मोठा रक्तस्राव अशी तिहेरी खूण दिसते. हे क्वचित होतं, पण होतं तेव्हा जिवावरचं असतं.

म्हणून मुलाला आज काही प्रश्न विचारा. घोळणा फुटला तेव्हा रक्त घशात मागेही उतरलं का? एका डोळ्याने कमी दिसतं का, एकाचं दोन दिसतं का? डोळा लाल, सुजलेला किंवा पुढे आल्यासारखा वाटतो का? नाकातून पाण्यासारखं पातळ काही गळतं का? गालाला बधिरपणा आहे का? यातलं एकही हो असेल किंवा नाकातून पुन्हा रक्त आलं, तर सोमवारची वाट पाहू नका. जिथे अँजिओग्राफीची सोय आहे अशा मोठ्या रुग्णालयात त्याच दिवशी जा. सगळी उत्तरं नाही अशी आली तर जिवाला घोर लावून घेऊ नका, पण घोळण्याची गोष्ट डॉक्टरांना आठवणीने सांगा.

डोळ्याबद्दल विचारलं ते उगाच नाही. आतली धमनी डोळ्यामागच्या शिरांच्या जाळ्यातून जाते आणि मार लागून ती तिथेच फाटली तर धमनीचं जोरकस रक्त थेट शिरांत घुसतं. डोळा लाल होतो, पुढे येतो आणि ठोक्याला उडतो. डोक्यात घोंगावल्यासारखा आवाज येतो. १८०९ मध्ये लंडनच्या बेंजामिन ट्रॅव्हर्स यांनी अशाच उडणाऱ्या डोळ्यासाठी रुग्णाच्या मानेतली मोठी धमनी बांधली होती. तेव्हा भूल नव्हती, अँजिओग्राफी नव्हती. पुढे १९७० च्या दशकात रशियातले शल्यविशारद फ्योदोर सर्बिनेन्को यांनी धमनीतून छोटा फुगा नेऊन तो आतच सोडून देण्याची रीत रूढ केली. आज हे काम बहुतेक ठिकाणी प्लॅटिनमच्या बारीक वेटोळ्यांनी, म्हणजे कॉइलनी होतं. कॉइलची सुटी होणारी जात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वापरात आली. मानेवर चीर न देता, डोळा वाचवून हे करता येतं, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

सीटी अँजिओग्राफीत हाताच्या शिरेतून आयोडीन असलेलं औषध सोडतात. सोडताना अंगभर गरम लाट गेल्यासारखी वाटते, मिनिटभरात जाते, हे मुलाला आधीच सांगून ठेवा. आधी मूत्रपिंडांचं काम कसं आहे हे कळायला रक्तातलं क्रिएटिनिन पाहतात, आणि पूर्वी अशा औषधाची अ‍ॅलर्जी झाली असेल तर ते सांगावंच लागतं. तपासणी एकच, पण तिच्यात कानशिलावरचा फुगा, त्याखालचं हाड झिजलंय का, जबड्यामागच्या धमन्या, कवटीचा तळ आणि मानेतल्या धमन्या एका फेरीत पाहून होतात.

जांघेतून किंवा मनगटातून नळी घालून करायची अँजिओग्राफी ही पुढची पायरी. एगास मोनिझ यांनी १९२७ मध्ये मेंदूच्या धमन्या पहिल्यांदा एक्स-रेवर दाखवल्या. १९५३ मध्ये सेल्डिंगर यांनी तार आणि नळीची सोपी पद्धत दिली, तीच आजही वापरतात. या तपासणीत धमन्या सर्वांत स्पष्ट दिसतात आणि त्याच बैठकीत उपचारही करता येतो. पण नळी मोठ्या धमन्यांतून फिरते, त्यामुळे पक्षाघाताचा छोटासा का होईना धोका असतो. नुसतं निदान करायला ती सहसा लागत नाही. खोलवरची धमनी बंद करायची असेल तेव्हाच ती करावी.

आता तुमची मोठी भीती. ही गाठ मेंदूकडे जाईल का? नाही जाणार. ज्या शाखेची ही गाठ असावी ती कवटीच्या बाहेर, कातडीखाली आहे. मेंदूत फुटणारा अ‍ॅन्युरिझम तुम्ही ऐकला असेल, तो वेगळा, तो आतल्या धमन्यांचा. फुटेल का? वरची कातडी पातळ होत गेली किंवा तिथेच पुन्हा मार बसला तर फुटू शकते. पण ही जागा हाडावर आहे, बोटाने दाबून रक्त थांबवता येतं, ही यातली जमेची बाजू. फुटलीच तर स्वच्छ कापडाची घडी गाठीवर घट्ट दाबा, दुसऱ्या बोटाने कानापुढची नाडी दाबा आणि तसंच दाबत रुग्णालय गाठा. दर मिनिटाला उचलून थांबलं का हे पाहू नका.

काही छोटे फुगे आतली गुठळी घट्ट होऊन आपोआप बंद पडतात. तुमचा मुलगा त्यांतला निघाला तर उत्तमच, पण जी गाठ आठ-दहा दिवसांत वाढते आहे ती वाट पाहण्याची नव्हे. वाढती गाठ डोकं दुखवते, वरची कातडी पातळ करते आणि कधी खालचं हाडही झिजवते.

उपचारांत मला स्वतःला या जागेसाठी शस्त्रक्रियाच पसंत आहे. ऑपरेशन हा शब्द ऐकून घाबरू नका. बहुतेक वेळा हे जागेवरची भूल देऊन, छोट्या चिरेतून होतं. फुग्याच्या अलीकडे आणि पलीकडे दोन्हीकडे धमनी बांधायची आणि मधला फुगा काढून टाकायचा. दोन्हीकडे का, ते तुम्हीही समजून घ्या. टाळूच्या आणि चेहऱ्याच्या धमन्या एकमेकींत इतक्या गुंफलेल्या असतात की अलीकडचं टोक एकट्याने बांधलं तर पलीकडून उलटं रक्त येऊन फुगा पुन्हा भरतो. कधी फुग्याच्या बुडाशी तिसरी बारीक शाखाही येऊन मिळालेली असते, तीही शोधावी लागते. याच गुंफणीमुळे एक फायदाही होतो. धमनीचा एवढा तुकडा काढल्यावर कातडीला रक्त कमी पडत नाही, केस गळत नाहीत. काढलेला भाग तपासणीला पाठवतात.

एक काळजी मात्र या ऑपरेशनात खरी आहे. भुवई वर उचलणारी चेहऱ्याच्या मज्जातंतूची बारीक फांदी याच भागातून जाते. ती दुखावली तर त्या बाजूची भुवई उचलत नाही आणि कपाळावर आठ्या पडत नाहीत. ऑपरेशनआधी सर्जनना सरळ विचारा की चीर कुठे घेणार आणि ही फांदी कशी सांभाळणार. चीर केसांच्या रेषेत घेता आली तर वण दिसत नाही. काही आठवडे कपाळाच्या त्या भागात बधिर वाटेल, ते हळूहळू ओसरतं.

दुसरा मार्ग म्हणजे सोनोग्राफीत पाहत फुग्यात थ्रोम्बिन नावाचं रक्त गोठवणारं औषध सोडणं. इथे सुई वापरतात, पण निदान पक्कं झाल्यावर, पडद्यावर तिचं टोक बघत आणि दोन्ही बाजूंनी धमनी दाबून. मान अरुंद असेल तर हे छान जमतं. रुंद असेल तर औषध मूळ धमनीत निसटून भलतीकडे गुठळी होण्याचा धोका असतो. तिसरा मार्ग नळीतून कॉइल किंवा वैद्यकीय गोंद सोडून फुगा बंद करण्याचा. कानशिलावरच्या गाठीसाठी मला तो बहुधा गरजेपेक्षा मोठा वाटतो, शिवाय कॉइलचा गठ्ठा कातडीखाली हाताला लागत राहतो. जबड्यामागच्या खोल धमनीसाठी मात्र मी आधी त्याचाच विचार करते, कारण तिथे चाकू घेऊन पोचणं फार अवघड असतं.

त्या खोल धमन्यांबद्दल थोडं आणखी लिहिते, कारण हे सदर वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी चेहऱ्याची हाडं मोडलेला रुग्ण असेल. रने ल फोर यांनी १९०१ मध्ये दाखवलं की चेहऱ्याच्या मधल्या भागाची हाडं ठरावीक रेषांवर मोडतात. त्या रेषांलगतच जबड्यामागची धमनी आणि तिच्या फांद्या आहेत, म्हणून अशा फ्रॅक्चरमध्ये नाका-तोंडातून पुष्कळ रक्त येऊ शकतं. अशा वेळी पहिला धोका रक्त जाण्याचा नसतो, रक्ताने श्वास अडण्याचा असतो. शुद्धीवर असलेल्या आणि मानेला इजा नसलेल्या माणसाला पुढे झुकवून बसू द्यावं. उताणं निजवलं की सगळं रक्त घशात उतरतं. मान दुखावल्याची शंका असेल तर ती हलवू नये. डोकं, मान आणि अंग एका ओळीत ठेवून त्याला कुशीवर वळवावं, म्हणजे रक्त बाहेर पडतं. रुग्णालयात आधी श्वासमार्ग सुरक्षित करतात, नाकात पुढून-मागून पट्टी भरतात किंवा फुग्याची नळी फुगवतात, सुटलेली हाडं तात्पुरती जागेवर बसवतात. एवढ्याने बहुतेकांचं रक्त थांबतं. नाही थांबलं तर अँजिओग्राफी करून नेमकी फांदी बंद करतात. पूर्वी मानेत बाहेरची मोठी धमनी बांधून टाकायचे. आता शक्यतो ते टाळतात, कारण दुसऱ्या बाजूच्या फांद्यांतून रक्त येतच राहतं आणि नळीने आत शिरायचा रस्ता आपणच बंद केलेला असतो. नळीच्या उपचारातही जपावं लागतं. चेहऱ्याच्या काही फांद्या डोळ्याच्या धमनीशी जोडलेल्या असतात, आणि बंद करायचं औषध त्या वाटेने निसटलं तर नजर जाऊ शकते. म्हणून आधी त्या जोडण्या चित्रात शोधतात, मगच औषध सोडतात.

चेहऱ्याचं, जबड्याचं किंवा मानेच्या मणक्यांचं मोठं फ्रॅक्चर असेल तर मानेतल्या धमन्यांचीही सीटी अँजिओग्राफी करा असा आग्रह घरच्यांनी धरायला हरकत नाही. झटक्याने मानेतल्या धमनीचा आतला थर फाटतो, तिथे गुठळी धरते आणि काही तासांनी किंवा दिवसांनी मेंदूत जाऊन पक्षाघात होतो. मधल्या काळात माणूस अगदी धडधाकट बोलत असतो. त्या काळात सापडलं तर, इतर जखमा परवानगी देत असतील तेव्हा, अ‍ॅस्पिरिन किंवा हेपरिन ही गुठळी होऊ न देणारी औषधं देऊन पक्षाघात टाळता येतो.

आता पुन्हा तुमच्या मुलाकडे. सोमवारी त्याच डॉक्टरांकडे जायला माझी ना नाही. "गाठ उडते आहे, सुई घालण्याआधी डॉपलर करून घेऊ या का?" एवढं विचारा. त्यांनी स्वतः बोट ठेवून पाहिलं की तेच चिठ्ठी लिहून देतील. अहवाल घेऊन चेहरा-जबड्याचे सर्जन, प्लास्टिक सर्जन किंवा रक्तवाहिन्यांचे सर्जन यांच्यापैकी जे जवळ असतील त्यांना दाखवा. तोवर खेळ बंद, जड उचलणं बंद, झोप उजव्या कुशीवर. दुखलं तर पॅरासिटामॉल चालेल. अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मनाने देऊ नका. रक्त पातळ करणारी एखादी गोळी दुसऱ्या आजारासाठी आधीपासून चालू असेल तर ती स्वतःहून बंदही करू नका, डॉक्टरांना विचारा.

आणि आज संध्याकाळी दोन गोष्टी करा. खोलीतला मोठा दिवा बंद करून बाजूने टॉर्चचा तिरपा उजेड गाठीवर पाडा आणि मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा. तिरप्या उजेडात गाठीची सावली ठोक्याला हलताना स्पष्ट दिसते, आणि तपासणीच्या घाईत बोटाला न लागलेलं त्यात सापडतं. मग मुलाला समोर उभं करून दोन्ही भुवया जोरात वर उचलायला सांगा आणि तसाच एक फोटो काढून ठेवा. ऑपरेशन झालं तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला पुन्हा भुवया उचलायला सांगून तोच फोटो शेजारी धरता येईल.